गोड्या पाण्यातल्या माशाचे उष्मांक आणि पोषण: बाजारापासून ताटापर्यंत कसं मोजायचं

रोहूच्या १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी असतात, हे शोधायला बसलं की पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो. एका तक्त्यात ९७ दिसतं, दुसरीकडे त्याहून बरंच जास्त, तिसरीकडे एकदम चारशेच्या वरचा आकडा. नवखा माणूस तिथेच वही मिटतो. यातला एकही आकडा चुकीचा असेलच असं नाही. कोणी कच्चा मासा मोजलेला असतो, कोणी शिजवलेला, कोणी कॅलरीऐवजी किलोज्यूल लिहिलेले असतात. आकडा कशातून तयार होतो हे एकदा समजलं की आपल्या ताटातल्या माशाचा हिशेब आपल्यालाच मांडता येतो.

घरात कोणाला मधुमेह आहे म्हणून जेवण मोजणारे, व्यायामासाठी प्रथिनं मोजणारे, खाणावळ चालवणारे, आणि मत्स्यविज्ञान किंवा आहारशास्त्र नुकतंच शिकायला लागलेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. सामान फार लागत नाही. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक वही पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. आपल्याकडे मिळणारा गोड्या पाण्यातला मासा बहुतेक वेळा कमी चरबीचा आणि भरपूर प्रथिनांचा असतो. ताटातल्या कॅलरी वाढतात त्या कढईत.

पायरी १: कोणता मासा, कुठला मासा

रोहू, कटला आणि मृगळ हे तीन आपले मुख्य कार्प, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एकाच कुळातले मासे. सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या आणि चंदेरी हे बाहेरून आणलेले, आता आपल्या धरणांत रुळलेले. उजनीच्या पाण्यात, भिगवणच्या बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी, म्हणजे पुस्तकातली तिलापिया. मरळ, वाम, शिंगी, मागूर हे खवय्यांचे लाडके आणि महागडे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतून ढिवर बांधव जे मासे काढतात, त्यांत यातले बरेच असतात. शिवाय हल्ली सगळीकडे पंगस आहेच.

ही नावं वहीत लिहायची कारण प्रत्येकाची चरबी वेगळी, आणि कॅलरीचा आकडा मुख्यतः चरबीवर हलतो. मत्स्यशास्त्रात माशांचे चार गट पाडतात: २ टक्क्यांपेक्षा कमी चरबी असलेले, २ ते ४ टक्के, ४ ते ८ टक्के, आणि ८ टक्क्यांच्या वरचे. रोहू, चिलापी, मरळ, मागूर पहिल्या-दुसऱ्या गटात बसतात. सायप्रिनस तिसऱ्या गटापर्यंत जातो. चौथ्या गटासाठी हिलसाचं उदाहरण घ्या. हा समुद्रातून नदीत चढणारा मासा, त्यामुळे पुरता गोड्या पाण्यातला म्हणता येत नाही, पण तुलनेला उपयोगी आहे. त्याच्यात १९ टक्क्यांच्या आसपास चरबी आणि १०० ग्रॅममागे २७३ कॅलरी असतात. रोहूच्या जवळजवळ तिप्पट.

मासा कुठून आला हेही विचारून घ्या. “मावशी, हा धरणातला की आंध्रचा?” एवढा प्रश्न पुरतो. मुंबई-पुण्याच्या बाजारात बर्फात येणारा बराचसा रोहू-कटला आंध्र प्रदेशातल्या तळ्यांमधला असतो आणि तो भाताच्या कोंड्यावर, पेंडीवर वाढलेला असतो. धरणातला मासा पाण्यात जे मिळेल ते खातो. खाद्य बदललं की चरबीचं प्रमाण आणि तिचा प्रकार दोन्ही बदलतात. म्हणून एकाच जातीच्या दोन माशांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि ते जुळावेत अशी अपेक्षाही ठेवू नये.

हंगामाचाही परिणाम होतो. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात वितात. त्याआधी मादीच्या पोटात गाभोळी भरते आणि अंगात चरबी साठलेली असते. अंडी घातल्यानंतर तोच मासा रोडावतो, त्याच्या मांसात पाणी वाढतं.

पायरी २: साफ केल्यावर वजन करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सव्वा किलोचा मासा आणला आणि सव्वा किलोचा हिशेब केला, की पुढचं सगळं गणित कोसळतं.

कापणाऱ्याकडे जरा लक्ष देऊन बघा. आधी शेपटीकडून डोक्याकडे खवले खरवडले जातात. मग कल्ल्याखाली पातं घालून लाल कल्ले ओढून काढतात, पोट उभं चिरून आतडी बाहेर येतात, आणि शेवटी पंख छाटले जातात. कटला असेल तर डोकं बाजूला ठेवल्यावर पाटावरचा मासा एकदम लहान दिसायला लागतो, कारण त्याचं डोकंच एवढं मोठं असतं. रोहूचं डोकं त्या मानाने आटोपशीर, म्हणून सारख्या वजनाच्या रोहूतून तुकडे जास्त निघतात. तुकड्यांतही पोटाकडचा तुकडा चरबट असतो आणि शेपटीकडचा कोरडा. मोजून खाणाऱ्याने शेपटीकडचे तुकडे मागून घ्यावेत. चव हवी असेल त्याने पोटाकडचे घ्यावेत आणि दोन घास कमी खावेत.

घरी आल्यावर धुऊन, पाणी निथळून तुकड्यांचं वजन करा आणि लिहा. जेवण झाल्यावर ताटातले काटे गोळा करून तेही वजन करा. पहिल्यातून दुसरं वजा केलं की खाल्लेला भाग हाती येतो. दोन-तीन वेळा असं केलं की तुमच्या घरी येणाऱ्या माशाचं प्रमाण तुम्हाला पाठ होतं, मग दरवेळी काटे मोजत बसावं लागत नाही.

साफ करण्याच्या या पायरीवर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पोटातली हिरवट पित्ताची पिशवी फुटू न देता काढायची आणि टाकूनच द्यायची. रोहू-कटल्याचं पित्त गिळलं की मधुमेह किंवा सांधेदुखी बरी होते, असा समज काही ठिकाणी आहे. तो जिवावर बेततो. कार्प माशांच्या पित्तातलं विष मूत्रपिंडं निकामी करतं, आणि ते शिजवल्यानेही जात नाही. हे पित्त घेतल्यामुळे माणसं डायलिसिसवर गेल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी वेळोवेळी केल्या आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

पायरी ३: पाणी आणि चरबी, ही जोडी समजून घ्या

माशाच्या मांसात सगळ्यात जास्त असतं ते पाणी. साधारण तीन-चतुर्थांश, कधी त्याहूनही जास्त. त्यानंतर प्रथिनं १५ ते २० टक्के, मग चरबी, आणि उरलेली एखाद-दीड टक्का खनिजं. प्रयोगशाळेत नमुना १०५ अंशांवर वाळवून पाणी काढतात, ५५० अंशांच्या भट्टीत जाळून उरलेल्या राखेवरून खनिजं मोजतात, आणि नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणलं की प्रथिनांचा आकडा मिळतो.

यात एक सुंदर नियम दडलेला आहे. माशाचं पाणी आणि चरबी यांची बेरीज साधारण ८०च्या जवळपास राहते. तिलापियात पाणी ७८ टक्के आणि चरबी १.७ टक्के. सायप्रिनसमध्ये पाणी ७६ टक्के आणि चरबी ५.६ टक्के. चरबी वाढली की पाणी कमी होतं, चरबी घटली की पाणी तिची जागा घेतं. प्रथिनं मात्र फारशी हलत नाहीत. त्यामुळे १०० ग्रॅम कच्च्या तिलापियात ९६ कॅलरी आणि सायप्रिनसमध्ये १२७ असा जो फरक दिसतो, तो जवळजवळ सगळा चरबीचा आहे.

पाण्याचा हा मुद्दा डोक्यात ठेवला की कच्चा आणि शिजवलेला हा गोंधळही सुटतो. तिलापिया तेलाशिवाय भाजली की तिचा १०० ग्रॅमचा आकडा ९६वरून १२८वर जातो आणि प्रथिनं २०वरून २६वर जातात. वरून काहीही पडलेलं नसतं, फक्त पाणी उडालेलं असतं. १०० ग्रॅम कच्चा तुकडा भाजल्यावर ७५-८० ग्रॅमचाच उरतो. म्हणून नियम एकच: वजन कच्च्याचं केलं तर आकडा कच्च्याचा घ्यायचा, शिजवलेल्याचं केलं तर शिजवलेल्याचा. मी कच्च्याचंच करायला सांगेन, कारण शिजवताना पाणी किती उडालं ते प्रत्येक चुलीवर वेगळं.

विद्यार्थ्यांनी आणखी एक सापळा ओळखून ठेवावा. काही अहवालांत प्रथिनं ७० टक्क्यांच्या पुढे दिलेली असतात. तो आकडा कोरड्या वजनावरचा असतो, म्हणजे पाणी वगळून काढलेला. रोहूची ताज्या मांसातली १६.६ टक्के प्रथिनं कोरड्या वजनावर ७१ टक्क्यांच्या घरात जातात. मासा तोच असतो.

पायरी ४: कॅलरी स्वतः काढा

सूत्र सोपं आहे. प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅमला ४, चरबीच्या प्रत्येक ग्रॅमला ९ आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत रोहूची प्रथिनं १६.६ ग्रॅम, चरबी १.४ ग्रॅम आणि कर्बोदकं ४.४ ग्रॅम दिली आहेत. गुणाकार करून बेरीज केली की बरोबर ९७ कॅलरी येतात. कटल्याची प्रथिनं १९.५, चरबी २.४ आणि एकूण १११ कॅलरी. मागूर ८६ आणि शिंगी १२४.

आता शिंगीच्या आकड्याकडे जरा थांबून बघा. तिच्यात चरबी फक्त ०.६ ग्रॅम आहे. मग १२४ कुठून आले? प्रथिनं २२.८ आहेत हे एक कारण. पण तक्त्यात ६.९ ग्रॅम कर्बोदकंही धरली आहेत, आणि त्यांच्याच जवळजवळ २८ कॅलरी होतात. ताज्या माशाच्या मांसात एवढी कर्बोदकं नसतात, जेमतेम नावापुरती असतात. जुन्या पद्धतीत कर्बोदकं थेट मोजत नसत. शंभरातून पाणी, प्रथिनं, चरबी आणि राख वजा करून जे उरेल त्याला कर्बोदकं म्हणत, त्यामुळे बाकीच्या मोजमापांतली सगळी कसर त्या रकान्यात जाऊन बसते. नवशिक्याने माशापुरता कर्बोदकांचा रकाना सोडून द्यावा असं माझं मत आहे. तसं केलं तर रोहूच्या ९७ऐवजी ७९ कॅलरी येतात, आणि मधुमेही माणसाला मासा साखर वाढवेल अशी उगाच भीती वाटत नाही.

चारशेच्या वरचा आकडा बहुधा किलोज्यूलचा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्येच आहे. त्या आकड्याला ४.१८४ने भागलं की कॅलरी मिळतात.

मत्स्यशास्त्राच्या निबंधांत मात्र वेगळीच ऊर्जा सापडते. तिथे नमुना बंद भांड्यात ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळून किती उष्णता निघाली ते मोजतात, किंवा प्रथिनांच्या ग्रॅमला २३.६ आणि चरबीच्या ग्रॅमला ३९.५ किलोज्यूल धरून गणित करतात. त्या हिशेबाने आपल्या रोहूचे ४४७ किलोज्यूल, म्हणजे १०७ कॅलरी होतात. आहाराच्या हिशेबातले ७९ आणि हे १०७ यांत फरक पडतो कारण आपलं शरीर प्रथिनं पूर्ण जाळत नाही. त्यांतला नायट्रोजन युरियाच्या रूपाने लघवीवाटे निघून जातो आणि जाताना थोडी ऊर्जा घेऊन जातो. तळ्यात मासा वाढवताना खाद्याचा हिशेब करायचा असेल तर जळणाची ऊर्जा कामाची. ताटातलं मोजायचं असेल तर ४ आणि ९ हेच आकडे धरा.

पायरी ५: कढईचा हिशेब

समजा दोन तुकडे घेतले, कच्चं वजन १५० ग्रॅम. जेवणानंतर काटे ३० ग्रॅम निघाले. म्हणजे खाल्ला १२० ग्रॅम रोहू: प्रथिनं २० ग्रॅम, चरबी १.७ ग्रॅम, सगळ्या मिळून ९५ कॅलरी.

आता तळणी. तळण्याआधी तेल वजन करून कढईत ओता, तळून झाल्यावर गार झालेलं तेल पुन्हा वजन करा. दोन तुकड्यांनी १५ ग्रॅम तेल प्यायलं असेल तर १३५ कॅलरी झाल्या. रवा १२ ग्रॅम लागला असेल तर आणखी ४२. एकूण २७२, त्यात माशाचा वाटा जेमतेम एक-तृतीयांश. हेच दोन तुकडे तव्यावर चमचाभर तेलात परतले, झाकण ठेवून वाफेवर शिजू दिले, तर तेलाचा आकडा तिथल्या तिथे निम्म्यावर येतो.

रश्शाचं गणित वेगळं. तिथे तेल फोडणीपुरतं असतं, पण वाटणातलं ओलं खोबरं चांगलंच चरबट असतं. त्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. पूर्ण भांड्याला लागलेलं तेल आणि खोबरं लिहून ठेवा आणि माणशी भागा. विदर्भातला जवसाचा किंवा सोलापूरकडचा शेंगदाण्याचा कूट घातलेला रस्सा असेल तर तो कूटही मोजा, दाण्यांच्या कॅलरी खोबऱ्यापेक्षाही जास्त भरतात. चिंच, आमसूल, कोथिंबीर, लसूण सोडून दिले तरी चालतील.

पायरी ६: कॅलरीपलीकडे काय मिळतं

प्रथिनांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२०ची शिफारस निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम अशी आहे. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वरच्या दोन तुकड्यांतून त्यातली २० मिळाली. माशाच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल भरपूर असतं आणि तांदूळ-ज्वारीत ते कमी पडतं, म्हणून मासा-भात किंवा मासा-भाकरी ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही पक्की आहे. ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे प्रथिनं मोजून खायला सांगितली आहेत, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचाच आकडा पाळावा.

जीवनसत्त्व बी-१२ शाकाहारी जेवणात मिळणं अवघड. तिलापिया आणि सायप्रिनस दोन्हींच्या १०० ग्रॅममध्ये ते दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. प्रौढाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची.

ओमेगा-३साठी मात्र गोड्या पाण्यातल्या माशाकडून फार अपेक्षा धरू नका. इपीए आणि डीएचए ही त्यातली महत्त्वाची दोन आम्लं तिलापियात १०० ग्रॅममागे जेमतेम ०.१ ग्रॅम मिळतात, सायप्रिनसमध्ये ०.३५ ग्रॅमच्या आसपास. बांगडा-तारली यात कितीतरी पुढे आहेत. आयोडीनही समुद्री माशात जास्त. देशावर राहणाऱ्याने “मासे खातो, आयोडीन मिळतं” असं धरून चालू नये. आयोडीनयुक्त मीठ हवंच.

कॅल्शियमचा आकडा वाचताना सावध राहा. जुन्या तक्त्यात रोहूचं कॅल्शियम १०० ग्रॅममागे ६५० मिलिग्रॅम आहे, तर अमेरिकी तक्त्यात तिलापियाच्या निव्वळ मांसात फक्त १० मिलिग्रॅम. कॅल्शियम असतं काट्यात. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात आणि ते नमुन्यातून पुरते काढणं कठीण असतं. आपण ते काटे थुंकून टाकतो, म्हणजे ते कॅल्शियमही टाकतो.

आणि म्हणूनच बोटभर लांबीच्या छोट्या माशांबद्दल मला मनापासून आस्था आहे. तलाव-ओढ्यातले हे मासे काट्यांसकट, बरेचदा डोक्यासकट खाल्ले जातात. बंगाल-बांगलादेशात मोला नावाचा असा एक छोटा मासा आहे. त्यात जीवनसत्त्व अ रोहूसारख्या मोठ्या माशाच्या कितीतरी पट असतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत. डोकं उडवून साफ केला की ते कचऱ्यात जातं. शकुंतला थिलस्टेड यांनी अशा छोट्या माशांच्या पोषणावर बांगलादेशात वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यासाठी त्यांना २०२१चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. आपल्या बाजारात असे मासे टोपलीच्या कोपऱ्यात वाट्यावर विकले जातात आणि लोक ते “काटेच फार” म्हणून सोडून देतात. वाढत्या मुलांच्या घरात तर ते आठवड्यातून एकदा तरी यावेत. स्वच्छ पाण्यातले आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण सांडपाणी मिसळणाऱ्या नदीतला मासा आतड्यांसकट खाणं बरं नाही. कुठलाही मासा पूर्ण शिजवूनच खावा. गोड्या पाण्यातल्या माशातून माणसात येणारे कृमी उष्णतेने मरतात.

सुक्या माशाचं गणित पाण्यावरच चालतं. पाणी निघून गेल्यामुळे वाटीभर सुकटात प्रथिनं एकवटलेली असतात, पण खारवलेलं असेल तर मीठही तसंच एकवटतं. रक्तदाब असलेल्यांनी ते भिजवून, पाणी फेकून मगच घ्यावं.

पायरी ७: गोठवलेलं फिलेट घेताना

पंगसचं बिनकाट्याचं पांढरं फिलेट नवशिक्यांना सोयीचं वाटतं, आणि सोयीचं आहेही. पण त्यावर बर्फाचा थर चढवलेला असतो, शिवाय काही उत्पादक पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट वापरतात. पाकिटावर निव्वळ वजन बर्फ धरून आहे की बर्फ वगळून, ते आधी वाचा. घरी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर चाळणीत ठेवा, खाली भांडं ठेवा. सकाळी बर्फ वितळून निथळलेल्या फिलेटचं वजन करा आणि तेच वहीत लिहा. पाकिटावरचं वजन आणि हे वजन शेजारी-शेजारी मांडून किलोचा खरा भाव काढा, आणि मग तो त्या आठवड्याच्या चिलापीच्या भावाशी ताडून बघा.